फिलाडेल्फियात दोन दिवस: नऊ वर्षांची लेक, पाच वर्षांचा पोरगा आणि सासू-सासरे. काय दाखवू, काय गाळू?

मिरजेची_सून

नमस्कार मंडळी. आम्ही ओहायोत, कोलंबसला असतो. सासू-सासरे मिरजेहून सहा महिन्यांसाठी आलेत. नायगारा झाला, शिकागो झालं. आता सासऱ्यांची फर्माईश आहे की "अमेरिका जिथं सुरू झाली ते गाव दाखवा." म्हणून ऑक्टोबरात फिलाडेल्फिया. शुक्रवारी संध्याकाळी पोचायचं, रविवारी दुपारी परत निघायचं, गाडीने.

आता पलटण कशी आहे ते सांगते. मोठीला (९) प्रत्येक पाटी वाचायची असते, अगदी अग्निशामक नळकांड्यावरचीसुद्धा. धाकट्याला (५) फक्त पळायचं असतं. सासऱ्यांचा उजवा गुडघा जिना बघितला की बोलायला लागतो. सासूबाई शाकाहारी, अंडंही नाही. ३४ वर्षं शाळेत इतिहास शिकवलाय, त्यामुळे गाइडने सन चुकवला तर तिथंच थांबवतील.

मागच्या वर्षी अशाच एका ऐतिहासिक गावाला गेलो होतो. दुपारी दोनपर्यंत चार म्युझियमं केली आणि पाचव्याच्या दारात धाकट्याने फरशीवर आडवं पडून सत्याग्रह केला. त्याला उचलायला नवरा वाकला तर त्याचीच पाठ धरली. तसं पुन्हा नकोय.

सासूबाईंची अट एकच आहे. आनंदीबाई जोशी जिथं शिकल्या ते कॉलेज बघायचं. कोणाला काही माहिती?

बाळ्या_अटलांटा

फिलीला कशाला? वॉशिंग्टनला जा. सगळी स्मिथसोनियन म्युझियमं फुकट, मुलांना डायनासोर, मोठ्यांना विमानं. फिलीत काय, एक फुटकी घंटा.

घंटावाली

बाळ्या, ती फुटकी आहे म्हणूनच तर बघायची!

मिरजेची सून, तुला 'तू' म्हटलं तर चालेल ना? आम्ही एक्स्टनला राहतो, तिथून तासाभरावर. पंधरा वर्षांत घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी ती घंटा दाखवून आणलीय. नवरा म्हणतो, वीस फेऱ्या तरी झाल्या. हा आयडी त्यानेच सुचवला.

बाकी सगळं विसरलीस तरी एक लक्षात ठेव. पोरांना "इथं केवढी थोर माणसं जमली होती" असं सांगायला लागलं की दहाव्या मिनिटाला "घरी कधी जायचं" सुरू होतं. मी हे करून हरलेय. मग एकदा अवचित सापडलं की पोरांना मोठ्यांच्या चुका जाम आवडतात, आणि या गावात चुकांची रेलचेल आहे. मोठीच्या हातात एक वही दे आणि सांग, इथल्या शहाण्या लोकांनी केलेल्या चुका शोधून काढायच्या, नंबर घालून. पुढचं ती बघेल.

सुरुवात घंटेपासून, म्हणजे 'लिबर्टी बेल'पासून. १७५१ मध्ये लंडनहून मागवली. आली, टांगली, वाजवून बघितली तर पहिल्याच टोल्याला तडा. चूक नंबर एक. मग गावातल्या पास आणि स्टो या दोघांनी ती वितळवून नवी ओतली. तांबं जास्त पडलं, आवाज भांडी आपटल्यासारखा यायला लागला, लोक हसले. चूक दोन. बिचाऱ्यांनी परत वितळवली, परत ओतली. आज समोर दिसते ती ही तिसऱ्यांदा ओतलेली. आणि तिलाही पुढं तडा गेलाच!

आता जवळ जाऊन बघायची गोष्ट. ती जी बोटभर रुंद फट सगळ्या फोटोंत दिसते ना, ती तडा नाहीये, दुरुस्ती आहे. मूळचा तडा बारीक होता. १८४६ मध्ये पहिला अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टनच्या वाढदिवसाला घंटा वाजवायची होती, तर कडा एकमेकींवर घासू नयेत म्हणून त्यांनी तो मुद्दाम कोरून रुंद केला. वाजली थोडा वेळ. मग त्या फटीच्या वरच्या टोकापासून केसाएवढी नवी रेघ निघाली आणि वर चढत गेली, आणि घंटेचा आवाज कायमचा बसला. ती रेघ नेमकी 'लिबर्टी' या शब्दातून जाते. दहातले नऊ लोक रुंद फटीचा फोटो काढून निघून जातात. मोठीला ती बारीक रेघ शोधायला सांग. उजेड तिरपा पडला की सापडते.

घंटेवर 'पेनसिल्व्हेनिया'तल्या 'पेन'ला दोनऐवजी एकच 'एन' आहे. तेव्हा तसंही लिहायचे लोक, पण हे मोठीला इतक्यात सांगू नकोस. घंटा दोनशे वर्षांची झाल्यावर काही टवाळ लोकांनी लंडनच्या त्या कारखान्याकडं "खराब माल दिलात" म्हणून तक्रार नेली, तर उत्तर आलं, "मूळ वेष्टनात परत पाठवा, बदलून देऊ." सासऱ्यांना ही गोष्ट आवडेल. धाकट्यासाठी दुसरी ठेव: १७७७ मध्ये इंग्रज येणार म्हटल्यावर ही हजार किलोंच्या आसपासची घंटा गाडीत घालून ॲलनटाउनला नेली आणि चर्चच्या जमिनीखाली लपवली. लपाछपी कोणाला कळत नाही?

घंटा बघायला तिकीट नाही, फक्त पिशव्या तपासायची रांग. सकाळी नऊला पोच. साडेदहानंतर शाळांच्या सहली येतात. आणि रांग फार असली तर जीव काढू नकोस, चेस्टनट स्ट्रीटच्या बाजूला मोठी काच आहे, तिथून बाहेरूनही दिसते.

बाहेर पडलीस की शेजारीच एका घराचा नुसता सांगाडा उभा केलाय, भिंतींच्या खुणा फक्त. वॉशिंग्टन अध्यक्ष असताना तिथं राहायचा. १७९० ते १८०० देशाची राजधानी फिलाडेल्फियाच होती. त्या घरात त्याने नऊ गुलाम ठेवले होते. पेनसिल्व्हेनियात कायदा होता की बाहेरून आणलेला गुलाम सलग सहा महिने राहिला तर तो मोकळा होऊ शकतो. म्हणून हा माणूस सहा महिने भरायच्या आत त्यांना राज्याबाहेर फिरवून आणायचा. ओना जज नावाची मुलगी १७९६ मध्ये तिथून पळाली ती पुन्हा हाती लागली नाही. पुढच्या वर्षी त्याचा स्वयंपाकी हर्क्युलिसही पळाला. नऊही जणांची नावं तिथं दगडात कोरलीत. त्या घंटेला 'लिबर्टी बेल' हे नाव गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्यांनी पाडलं, १८३० नंतर. आधी ती नुसती सरकारी इमारतीची घंटा होती. माझ्या लेकीने वहीत या गोष्टीला नंबर दिला नव्हता, वेगळं पान घेतलं होतं. मी काही बोलले नाही.

समोरचा इंडिपेंडन्स हॉल. याला वेळेचं तिकीट लागतं. फुकट आहे, फक्त आरक्षणाचा माणशी एक डॉलर, ऑनलाइन. ते आत्ताच काढ, ऑक्टोबरचे शनिवार भराभर जातात. वेळेच्या अर्धा तास आधी तपासणीला उभं राहावं लागतं. आणि नीट ऐक: आतल्या आवारात शौचालय नाही. आधी व्हिजिटर सेंटरमध्ये धाकट्याला घेऊन जा. तो "मला लागली नाही" म्हणेल. तरी ने.

आत खोली तशी साधी आहे, हिरवी कापडं घातलेली टेबलं. पुढं वॉशिंग्टनची खुर्ची आहे, पाठीवर अर्धा सूर्य कोरलेला. १७८७ मध्ये राज्यघटनेवर सह्या चालल्या असताना म्हातारा बेंजामिन फ्रँकलिन (देशाच्या संस्थापकांपैकी एक, आणि पोस्टाचाही पहिला प्रमुख) म्हणाला होता, हा सूर्य उगवतोय की मावळतोय ते इतके दिवस कळत नव्हतं, आता कळलं, उगवतोय. इथली चूक कोणती ते सासूबाईंना विचार. सगळे म्हणतात, १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर इथं ४ जुलैला सह्या झाल्या. ४ जुलैला मजकूर मंजूर झाला, बहुतेक सह्या २ ऑगस्टला. बाई खूश होतील.

मागच्या चौकात गेल्यावर शंभराची नवी नोट काढ. पुढं फ्रँकलिन, मागं हीच इमारत, आणि तीही मागच्या बाजूने काढलेली. नोट डोळ्यांसमोर धरून पोरांना बरोबर तीच जागा शोधू दे. पंधरा मिनिटं शांतता, माझी हमी.

फ्रँकलिनची कबर पाचव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर आहे. आत जायला पैसे पडतात, पण गजांमधून फुकट दिसते, आणि काटकसरीवर प्रवचनं देणाऱ्या माणसाला तेच आवडलं असतं. लोक त्यावर पेनी टाकतात. त्या नाण्यांच्या माराने दगड खराब झाला आणि दुरुस्तीला पैसे जमवावे लागले. वहीत घालायला चूक! मार्केट स्ट्रीटवर त्याच्या नावाचं छोटं पोस्ट आहे, तिथं कार्डावर हाताने शिक्का मारून देतात, फ्रँकलिन स्वतः सही करायचा तसा. आजीने मिरजेच्या पत्त्यावर स्वतःलाच एक कार्ड टाकावं.

बेट्सी रॉसचं घर गाळ. जिने अरुंद आहेत, सासऱ्यांचा गुडघा बोलेल. तिने पहिला झेंडा शिवला ही गोष्ट लोकांना पहिल्यांदा सांगितली तिच्या नातवाने, १८७० मध्ये. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांनी. त्याऐवजी पलीकडच्या एल्फ्रेथ्स ॲलीत चक्कर मार. तीनशे वर्षं लोक राहतायत त्या बोळात, एकूण ३२ घरं. वरच्या खिडक्यांना बाहेरून आरसे लावलेले दिसतील. दारात कोण आलंय ते खाली न उतरता बघायची सोय. सासूबाई म्हणतील, आमच्या वाड्यात हे काम माडीवरच्या काकू करायच्या. दगडी फरसबंदीवर स्ट्रोलर मात्र खडखडतो.

एक वाजला की इतिहास बंद, मग काहीही राहिलेलं असो. जेवायला रीडिंग टर्मिनल मार्केट. जुन्या रेल्वे स्टेशनखालची १८९३ पासूनची मंडई आहे ती. शनिवारीच जा, रविवारी आमिश लोकांचे (जुन्या वळणाने राहणारे ख्रिस्ती शेतकरी) गाळे बंद असतात. त्यांचा ताजा प्रेट्झेल घे, वर लोणी फासून देतात. चीजस्टेक म्हणजे गोमांस, हे सासूबाईंना रांगेत उभ्या राहायच्या आधी सांग. नंतर फ्रँकलिन इन्स्टिट्यूट या विज्ञान म्युझियममध्ये माणसाच्या हृदयाची प्रचंड प्रतिकृती आहे, १९५४ पासून. आत शिरून एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात जाता येतं, ठोके ऐकू येतात. धाकटा तिथून निघायचा नाही. जिने आहेत, सासऱ्यांना बाहेर बाकावर बसव.

मिरजेची_सून

बापरे, किती दिलंस! वही आजच आणते. तिकिटं काढली, शनिवार सकाळी ११ ची. गाडी कुठं लावायची?

घंटावाली

व्हिजिटर सेंटरच्या खालीच. महाग आहे, पण गुडघा आणि पाच वर्षांचं पोर असताना स्वस्ताच्या मागं लागू नकोस.

पेणचा_नंदू

घंटावाली ताईंनी आर्ट म्युझियम सोडलं. त्या ७२ पायऱ्या 'रॉकी' सिनेमामुळे सगळ्यांना माहीत असतात, पोरं वर पळत जाऊन हात उंच करतात. धाकट्यासाठी तेवढंच पुरे. पण आत, वरच्या मजल्यावर, मदुराईच्या एका देवळाचा अख्खा दगडी मंडप उभा आहे. सोळाव्या शतकातला. इथल्या एक बाई १९१२ च्या सुमारास प्रवासात मदुराईला गेल्या होत्या, तिथं देवळाच्या आवारात पडलेले हे खांब त्यांनी विकत घेतले. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये सेवा करताना त्या वारल्या आणि १९१९ मध्ये घरच्यांनी ते म्युझियमला दिले.

आमची आई तिथं शिरली आणि पहिल्यांदा खाली बघायला लागली. म्हटलं, काय हरवलं? तर म्हणे, चपला कुठं काढायच्या? काढल्याही तिने. रखवालदार काही बोलला नाही. मग आई आतमध्ये चालत गेली, शेवटच्या खांबापाशी थांबली आणि मला विचारलं, "देव कुठाय?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. परत येऊन चपला घातल्या आणि कॅफेत चहा मागितला. चहा भिकार होता.

रविवारी सकाळी करा. महिन्याचा पहिला रविवार साधला तर तिकीट आपल्या मर्जीचं. सासऱ्यांना पायऱ्या नकोत, मागच्या बाजूनेही आत जाता येतं.

कल्याणकर

आनंदीबाईंबद्दल. इथं बऱ्याचदा अर्धवट माहिती फिरते म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कॉलेजचं नाव वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया. १८५० मध्ये स्त्रियांसाठी स्थापन झालेलं. आनंदीबाई १८८३ च्या जूनमध्ये अमेरिकेत उतरल्या तेव्हा १८ वर्षांच्या होत्या. आधी न्यू जर्सीत रोझेलला कार्पेंटर कुटुंबाकडे राहिल्या, मग फिलाडेल्फिया. ११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. पुढच्या वर्षी २६ फेब्रुवारीला आनंदीबाई पुण्यात वारल्या, बाविसावं वर्ष पुरं व्हायला महिना बाकी होता.

कॉलेज तेव्हा नॉर्थ कॉलेज ॲव्हेन्यू आणि एकविसाव्या रस्त्यापाशी होतं. १९३० मध्ये ते ईस्ट फॉल्सला हललं. कागदपत्रं आता ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. आधी वेळ ठरवूनच जाता येतं, आणि पाच वर्षांच्या मुलाला घेऊन तिथं जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. पण १८८५ चा तो प्रसिद्ध फोटो त्यांनी ऑनलाइन ठेवलाय: साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली. तो छापून बरोबर घ्या.

जुन्या जागी 'बघण्यासारखं' काय, तर समोर जिरार्ड कॉलेजची उंच दगडी भिंत. ती आनंदीबाईंच्या आधीपासून आहे आणि अजून आहे. रोज येता-जाता ती त्यांना दिसली असणार. गाडीतून उतरून दहा मिनिटं, बास.

आनंदीबाईंच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या होत्या. त्यांचं स्मारक न्यूयॉर्क राज्यात पोकीप्सीच्या दफनभूमीत आहे. पण ते या फेरीत बसवू नका, तीन तास लागतात.

मिरजेची_सून

मंडळी, जाऊन आलो. वृत्तांत देणं भाग आहे.

पेनसिल्व्हेनिया टर्नपाइकवर चार बोगदे लागले. सासरे प्रत्येक बोगद्याला "हा खंडाळ्याच्या मानाने काहीच नाही" म्हणत होते. धाकट्याने पहिल्या बोगद्यात श्वास रोखून धरायची पैज लावली, अर्ध्यातच फुटला आणि मग रडला. हॉटेलचं नाव देत नाही, पण 'नाश्ता समाविष्ट' म्हणजे उकडलेली अंडी आणि गार पाव. सासूबाईंनी आपल्या डब्यातल्या दशम्या काढल्या.

घंटावाली, धाकट्याला मी व्हिजिटर सेंटरमध्ये नेलं होतं. "लागली नाही" म्हणाला. मी मानलं. तपासणी पार करून आत उभे राहिलो आणि लागली. नवरा त्याला घेऊन बाहेर पळाला, ते दोघं हॉलला मुकले. त्यांनी तोवर काचेतून घंटा तीनदा बघितली, त्यामुळे धाकट्याच्या हिशोबात फिलाडेल्फियात तीन घंटा आहेत.

शंभराची नोट सासऱ्यांच्या पाकिटात होती, पण ते गर्दीत ती काढायला तयार होईनात. "खिसेकापू असतात." शेवटी मोठीने त्यांच्या कोटाच्या आत डोकं घालून नोट बघितली आणि बाहेर येऊन जागा शोधली. सापडली हो. बारीक रेघही सापडली, तिलाच आधी.

मार्केटमध्ये सासूबाईंनी प्रेट्झेलचा एक तुकडा खाल्ला, काही बोलल्या नाहीत आणि दुसरा प्रेट्झेल मागितला. हृदयात धाकटा सहा वेळा गेला. मदुराईचा मंडप राहिला, सासऱ्यांनी रविवारी सकाळी गुडघा दाखवला.

भिंतीपाशी मात्र गेलो. वारा होता. सासूबाईंनी शालीतून तो फोटो काढला, एकदा भिंतीकडं बघितलं, एकदा फोटोकडं. मला वाटलं, आता काहीतरी सांगतील. त्या म्हणाल्या, "इथं जानेवारीत किती थंडी पडत असेल गं?" मी आकडा सांगितला. "फॅरनहाइट नको, आपल्यातलं सांग." ते सांगितल्यावर फोटो परत शालीत ठेवला आणि गाडीत जाऊन बसल्या. हॅरिसबर्गपर्यंत गप्प होत्या.

मग मोठीची वही मागितली. चौदा चुका भरल्यात. सासूबाईंनी पर्समधून लाल पेन काढलं (अमेरिकेला येताना लाल पेन बरोबर आणलंय!) आणि तपासायला बसल्या. पहिल्याच पानावर 'पेनसिल्व्हेनिया'ला गोल. एक 'एन' कमी. मोठी म्हणाली, "आजी, मी घंटेवरूनच उतरवलंय!" आजी म्हणाल्या, "घंटेचं चुकलं म्हणून आपण चुकायचं?" पुढचे दोन बोगदे हेच चाललं होतं. गोल अजून आहे, वही मोठीने लपवून ठेवलीय.